पाण्याच्या रकान्यातलं शून्य

आमच्या घरी उत्पादकता आली ती माझ्या भासऱ्यांच्या स्कूटरवर बसून. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात छोट्या कारखानदारांसाठी वर्ग भरला होता. दिल्लीहून कुणी साहेब शिकवायला आले होते, दुपारचं जेवण फुकट होतं, आणि फुकट जेवणाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नव्हती. सकाळी घरून निघाले ते सुताला रंग देणारे एक साधे कारखानदार होते. संध्याकाळी परतले ते जगाला शिकवायला निघालेले गृहस्थ. हातात एक फाइल, गळ्यात स्टॉपवॉच, आणि तोंडात तो शब्द. पानाचा विडा घोळवावा तसा त्यांनी तो आठवडाभर घोळवला.

पहिला प्रयोग स्वयंपाकघरावर झाला. शेगडीत किती कोळसा घातला की किती पोळ्या होतात, हे त्यांनी दारात उभं राहून मोजलं आणि कोळसा निम्मा केला. दुसऱ्या दिवशी पोळ्या कच्च्या निघाल्या, पण कोळसा वाचला. त्या दिवशी भासऱ्यांना नेमकं बाहेर जेवण होतं. कच्च्या पोळ्या मी आणि जाऊबाईंनी खाल्ल्या.

हे सगळं मी पदराआडून पाहत होते. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. समोर आले तर पदर पुढे ओढायचा, आणि काही सांगायचं असेल तर जाऊबाईंच्या मार्फत सांगायचं. तेही तसंच करत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी ते जाऊबाईंना म्हणत, "तिले सांग, चहात साखर जास्त झाली." जाऊबाई माझ्याकडे वळत. "साखर जास्त झाली म्हणतात वं." मी म्हणायची, "उद्या कमी टाकते म्हणावं." जाऊबाई तिकडे वळत. "उद्या कमी टाकते म्हणते." तोवर चहा गार. घरातल्या सगळ्या गोष्टींची उत्पादकता मोजली गेली, या कारभाराची तेवढी कुणी मोजली नाही.

शिवाय जाऊबाई स्वभावानं भित्र्या. माझ्या तोंडून निघालेलं तिखट वाक्य त्यांच्या तोंडून नवऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा दहीभात झालेला असे. मी कुही गावाकडची, शेतातल्या मोकळ्या आवाजाची. त्या घरात कुजबुजून कुजबुजून माझा घसा गंजला असता. वाचले ती विहिरीमुळे.

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत ती एकच गोड्या पाण्याची विहीर. होती आमच्या आवारात, पण पाणी भरायला सगळी गल्ली यायची. सासऱ्यांच्या वेळेपासून फाटक उघडं असे. कोपऱ्यावरच्या सरकारी नळाला कधी पाणी, कधी नुसती फुसफुस. त्यामुळे पिण्याचं पाणी आमच्याच विहिरीचं. सकाळ-संध्याकाळ तिथे बायकांची गर्दी जमे. भासरे त्या बाजूला फिरकत नसत, म्हणून मला तिथे पदर सोडून, मोठ्यानं, वाट्टेल ते बोलता येई. माझं माहेर सुटलं होतं, आणि त्याच्या जागी मला ती विहीर मिळाली होती. ती माझ्यासाठी काय होती हे पुरुषांना सांगून कळणार नाही, म्हणून सांगत बसत नाही.

रंगाचा कारखाना त्याच आवारात, मागच्या बाजूला. खाप्याच्या विणकरांसाठी आम्ही सुताच्या लडी रंगवायचो. माझा नवरा माल पोचवायला सारखा खाप्याला, त्यामुळे कारखाना भासऱ्यांच्या ताब्यात. रंगाच्या कढईतून काढलेली लडी धुवावी लागते, नाहीतर उरलेला रंग अंगाला लागतो. धुण्यासाठी ओळीनं तीन हौद होते. लडी आधी पहिल्या हौदात, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिल्याचं पाणी सगळ्यात घाण, तिसऱ्याचं निवळ. पहिल्या हौदाचं पाणी अगदीच खराब झालं की ते मागच्या खड्ड्यात सोडायचं, दुसऱ्याचं पहिल्यात ओतायचं, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि ताजं पाणी फक्त तिसऱ्यात भरायचं. याला आमच्याकडे शिळं पाणी वापरणं म्हणत. ही युक्ती कुणाच्या अकलेची होती माहीत नाही. विहिरीतून रहाटानं पाणी ओढून ज्यांची कंबर मोडली असेल, त्यांनाच कधीतरी सुचली असणार. बादल्यांनी हे पाणी इकडून तिकडे करायला तीन बाया होत्या. त्या काम कमी आणि कुरकुर जास्त करत, हेही खरं.

भासऱ्यांचं स्टॉपवॉच त्या बायांवर येऊन थांबलं. त्यांनी कारखान्यात एक फळा टांगला आणि त्यावर रकाने आखले. मजुरी, कोळसा, रंग, वीज, पाणी. एका लडीमागे कशाला किती पैसे लागतात ते रोज खडूनं लिहायचं. मजुरीचा आकडा त्यांना खुपला. पाण्याच्या रकान्यात त्यांनी एक सुबक, गोल शून्य काढलं. विहीर आपली, पाणी आपलं, बिल कुणी पाठवत नाही. मग शिळं पाणी ओतत बसायला तीन बायांना पगार कशाला?

तिघींना घरी बसवलं. विजेचा पंप आला. पहिल्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला. आता प्रत्येक खेपेला तिन्ही हौदांत ताजं पाणी धो धो भरायचं आणि वापरून झालं की सगळंच मागच्या खड्ड्यात सोडायचं. मजुरी उतरली, वीज जराशी चढली, लडी दुप्पट निघू लागल्या. नफा वाढला. भासऱ्यांची मान एवढी ताठ झाली की जाऊबाईंना त्यांच्या मानेला तेल चोळावं लागे.

उन्हाळा लागला तशी विहीर खाली जाऊ लागली. बायकांची बादली तळाला टेकायची, दोर पुरायचा नाही. विहिरीवर मला बोलणी बसू लागली. "तुमचा पंप पिऊन राहिला वं सगळं," शेजारीण म्हणाली. मी घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, "विहीर आटून राहिली म्हणावं. पंप बंद करा, नाहीतर गल्ली काय पिणार?" जाऊबाई आत गेल्या. मी दाराआडून ऐकत होते. त्या म्हणाल्या, "ते जरा पाण्याचं पाहा म्हणते." झालं! आतून उत्तर आलं, "तिले सांग, दोर लांब घ्या." त्यांनी खरोखरच नवा लांब दोर आणून दिला, आणि गल्लीवर केवढे उपकार केले म्हणून चारचौघांत सांगितलंही.

मग एका सकाळी बादली वर आली ती गुलाबी. भरलेली विहीर होती तोवर खड्ड्यातलं पाणी आपल्या जागी मुरत होतं. विहीर रिकामी झाली आणि ते खड्ड्यातून झिरपत तिच्यात उतरलं. शेजारणीनं बादली माझ्यासमोर आपटली. "काहून वं, तुमच्या घरी रोजच रंगपंचमी काय?" दुसरी म्हणाली, "लेकरायले काय पाजू आता? हे?" कुणी हसलं नाही. विहिरीच्या ज्या ओट्यावर मी रोज राणीसारखी बडबडत असे, त्याच ओट्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तीच बादली घरात आणून जाऊबाईंच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती भासऱ्यांपुढे नेली. भासऱ्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हा आपला रंगच नाही. आपला रंग पक्का, तो पाण्यात उतरतच नाही." हे वाक्य ते वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते, आणि ऐकवता ऐकवता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. बादली परत आली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायकांनी कोपऱ्यावरच्या नळाला रांग लावली, आणि फाटक उघडं असूनही कुणी आत येईना. आमच्या घरचं पिण्याचं पाणीही गुपचूप नळावरूनच येऊ लागलं. ते कुठून येतं हे भासऱ्यांनी कधी विचारलं नाही, कारण त्या रकान्यात शून्य होतं.

अशात व्यापाऱ्यांच्या मंडळानं ठरवलं, की भासऱ्यांच्या कारखान्याला आदर्श उद्योगाचं मानपत्र द्यायचं. पाहणीला दिल्लीचे तेच साहेब आले. सोबत मंडळाची दोन वजनदार माणसं. ऊन असं, की कारखान्याचे पत्रे वाजत होते. साहेबांनी फळा पाहिला. शून्यावर त्यांची नजर थांबली आणि ते म्हणाले, "बहुत बढ़िया." मग सगळे बैठकीत येऊन टेकले आणि आतून हुकूम आला, "तिले सांग, पाणी आण."

माठात नळाचं पाणी होतं. मी त्याला हात लावला नाही. मुद्दामच. पाहुण्यांसाठी ठेवणीतले काचेचे ग्लास काढले, विहिरीवर गेले, पाणी ओढलं, ग्लास भरले, तबकात मांडले आणि पदर पुढे ओढून बैठकीत गेले.

"अरे वा, गुलाब का शरबत!" साहेब म्हणाले आणि ग्लास उचलून ओठांशी नेला.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. हे सांगायला त्यांची जीभ रेटणार नाही, आणि रेटलीच तर तोवर साहेब पिऊन मोकळे झालेले असतील. मी पदर मागे सारला आणि सरळ भासऱ्यांकडे पाहून म्हणाले, "मोठे भाऊजी, साहेबाले ते पिऊ देऊ नका. सरबत नाही ते. आपल्या विहिरीचं पाणी आहे."

मंडळाच्या माणसांनी आपले ग्लास तबकात ठेवले. साहेबांनी मात्र आपला ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, जरा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "रंग का शेड अच्छा है." मग चहा मागितला. मानपत्र मंजूर झालं.

पाहुणे गेल्यावर घरात हलकल्लोळ माजला. विहीर गुलाबी झाली म्हणून नव्हे, भावजय भासऱ्याशी बोलली म्हणून. जाऊबाई रडल्या. खाप्याहून परतलेला नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू थेट बोलली काहून वं? पाहुण्यायसमोर?" मी विचारलं, "आणि पाणी?" तो म्हणाला, "पाण्याचं पाहू नंतर." मला एवढा संताप आला, की त्या रात्री मी चुलीला लाकूडच लावलं नाही, शेगडीतही कोळसा घातला नाही. शंभर टक्के बचत.

पाण्याचं पाहावं लागलं ते दुसऱ्याच कारणानं. गुलाबी पाण्यात धुतलेल्या पिवळ्या लडी नारिंगी निघाल्या, पांढऱ्या सुतावर लाली चढली. खाप्याच्या विणकरांनी सगळा माल जसाच्या तसा परत पाठवला. गल्लीची तहान ज्यांना दिसली नव्हती, त्यांना परत आलेले गठ्ठे लगेच दिसले. पंप बंद झाला. पाण्याचे टँकर विकत घ्यावे लागले, आणि टँकरवाला बिल देतो. फळ्यावरचं शून्य पुसून तिथे आकडा पडला. तो आकडा पाहून भासऱ्यांना जेवण गोड लागेना.

आठवडाभरात तीन बाया परत कामावर आल्या. शिळं पाणी पुन्हा एका हौदातून दुसऱ्यात जाऊ लागलं. फक्त आता त्याचं नाव होतं 'जलबचत योजना', आणि ती भासऱ्यांनी शोधून काढली होती. खड्डा बुजवून सिमेंटची पक्की टाकी बांधली. पावसाळ्यात विहीर भरली, एकदोनदा उपसली, आणि रंग गेला. गल्लीतल्या बायका काही परत आल्या नाहीत. फाटक उघडं ठेवून मी ओट्यावर बसून पाहिलं, हाका मारून पाहिल्या. "येतो वं," म्हणत त्या नळाकडे निघून जात. नळाच्या रांगेत मीही उभी राहू लागले, पण तिथे गप्पा होत नाहीत, भांडणं होतात.

पुढच्या वर्षी त्याच सभागृहात भासऱ्यांचं भाषण ठेवलं होतं. विषय, 'पाणी आणि नफा'. निसर्गाची संपत्ती मोजून वापरा, त्यातच धंद्याचं भलं आहे, वगैरे. आमच्या विहिरीचं पाणी आज आरशासारखं आहे, असंही सांगून आले म्हणे. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. भर उन्हात ती शाल खांद्यावर घेऊन, घामानं निथळत ते घरी आले आणि बैठकीत टेकले.

मी एव्हाना त्यांच्याशी सरळच बोलत होते. एकदा बोलल्यावर पुन्हा गप्प व्हायचं काही कारण मला दिसत नव्हतं. ते मात्र अजून जाऊबाईंमार्फतच उत्तर देत. मी विहिरीवर जाऊन पाणी ओढलं, काचेचा ग्लास भरला आणि त्यांच्यापुढे धरला. पाणी खरंच निवळ होतं.

"घ्या, मोठे भाऊजी," मी म्हणाले. "दमून आले तुम्ही. आपल्याच विहिरीचं आहे."

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "अवं, तिले सांग, मले तहान नाही."

जाऊबाई घरात नव्हत्या. भासऱ्यांसाठी पिण्याचं पाणी आणायला नळावर गेल्या होत्या.