बाबांनी डावीकडून वाचलेलं पुस्तक

अकोट स्टँडवर अकोल्याची गाडी लागली, तसा बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून खिडकीतून आत सीटवर टाकला. पोरगी जपानला चालली असली तरी अकोल्यापर्यंत तिला बसायला जागा मिळाली पाहिजे, एवढंच काम त्या दिवशी त्यांच्या हातात होतं. शेजारचे देशमुख काका तिथेच भेटले.

"कोठी चालली पोट्टी?"

"जपानले."

"काय शिकाले?"

बाबांनी माझ्या बॅगेचा पट्टा उगाच ओढून पाहिला. मग म्हणाले, "कम्प्युटर."

मला ते लागलं. मी चालले होते जपानी समाज शिकायला, आणि तोही मांगा आणि ॲनिमेमधून, म्हणजे तिकडच्या चित्रकथा आणि कार्टूनमधून. चांगली शिष्यवृत्ती मिळाली होती. पण आपली पोरगी कार्टून शिकायला जाते हे चार लोकांत सांगायची बाबांना लाज वाटत होती. गाडी सुटताना खिडकीतून दुपट्टा परत घेतला तेव्हा त्यांचा चेहरा कोरा होता. ते रागावलेत की काय, हाच विचार अकोल्यापर्यंत डोक्यात होता.

याचं मूळ आमच्या घरच्या टीव्हीत होतं. हिंदीत बोलणारी जपानी कार्टून लागायची. त्यातली पोरं स्वतःच वर्ग झाडायची, बाप घरी आला की पेपरमागे गडप व्हायचा. मी आईला विचारून हैराण करायची. आई म्हणायची, "तुले काहून काहून पुसाची बिमारीच हाय." पुढे अमरावतीला कॉलेजात समाजशास्त्र शिकताना कळलं की या बिमारीला संशोधन म्हणतात.

जपानात, क्योतो शहरात, ती बिमारी वाढली. आमच्या अकोट-अकोला गाडीत शेजारची बाई वाटेतलं चोहोट्टा गाव येईपर्यंत तुमचं लग्न जमवायला निघते. इथल्या ट्रेनमध्ये माणसं गच्च भरलेली आणि आवाज फक्त चाकांचा. मला वाटलं, यांना बोलायचंच नसेल. मग मांगा वाचायला लागले आणि दिसलं की हीच गप्प माणसं चित्रात डोक्यावरच्या फुग्यांमधून पानपानभर बोलतात, आईशी भांडतात, गाव आठवतात. बाहेर दाखवायचं मन वेगळं आणि आतलं वेगळं, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. मी विषय घेतला तो घर सोडून टोकियोला जाणाऱ्या मुलींच्या चित्रकथांचा. माझाच विषय होता म्हणा ना.

त्यातलं एक पुस्तक मी गावी येणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर बाबांना पाठवलं. त्यात शब्द जवळपास नाहीतच, आणि गोष्ट आमच्यासारख्याच संत्र्याच्या बागेतली. बाप लहानग्या मुलीला खांद्यावर घेऊन बागेत फिरतो. ती शाळेत जाते, मोठी होते, स्टेशनवर बापाचा निरोप घेते. शेवटच्या पानावर ती टोकियोच्या एवढ्याशा खोलीत एकटीच, घरून आलेली संत्री खात बसलेली.

काही दिवसांनी व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "वाचलं तुहं पुस्तक. एक पोट्टी खोलीत एकटीच संत्रं खाऊन रायली. तिले तिथं करमत नाही. मंग थे गाडीत बसते, स्टेशनवर बाप घ्याले येते. मंग थे हळूहळू लहान होत जाते आन बाप तिले खांद्यावर घेऊन बागेत फिरते. चांगली गोष्ट हाय."

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. बाबांनी ते आपल्या सवयीनं डावीकडून उघडलं होतं. मी हसले, पण चूक दाखवली नाही. नुसतंच विचारलं, "स्टेशनवर त्याचा चेहरा कसा आहे, बाबा?"

"लय खुश हाय थो. दाखवत नाही."

हे मी वर्गात सांगितलं. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे बाईंनी, पुस्तक डावीकडून उघडलं आणि तसंच चाळत नेलं. स्टेशनच्या चित्रात बापाचं तोंड म्हणजे एक सरळ रेघ. त्या रेघेला आम्ही कित्येक दिवस दुःख म्हणत होतो. आता तीच रेघ आनंदाची वाटत होती. मला अकोट स्टँडवरचा कोरा चेहरा आठवला. तो मी नीट वाचला होता का, असं पहिल्यांदाच मनात आलं.

यंदा थोडे दिवस घरी राहून परत निघाले. अकोट स्टँडवर पुन्हा दुपट्टा सीटवर पडला, देशमुख काकाही होतेच. "झालं का कम्प्युटर शिकून?"

"कम्प्युटर नाही," बाबा म्हणाले. "थे चित्राईचे पुस्तकं शिकते. लोकं कसे रायतात, मनात काय ठेवतात, थे समजते त्याच्यातून. म्या बी एक वाचलं. पोट्टी घरी येते, त्याची गोष्ट हाय."

मला राहवलं नाही. "बाबा, ते उजवीकडून वाचतात. ती घरी येत नाही, घरून जाते."

"मालूम हाय मले. पानाईचे नंबर उलटे हायत, दिसत नाही काय?" त्यांनी बॅग खिडकीतून आत दिली. "थे त्यायचं वाचणं झालं. मी इकडूनच वाचतो."

तुम्ही गावी राहिलेले असा की माझ्यासारखे निघून गेलेले, घर म्हणजे काय हे कोणी ना कोणी विचारतंच. मी पूर्वी लांबलचक उत्तर द्यायची. आता एवढंच सांगते, की माझं जाणं जिथे कोणीतरी येण्याच्या बाजूनं वाचतं, ते माझं घर.

गाडी हलली. बाबांचा चेहरा तसाच कोरा होता. या खेपेला मी तो डावीकडून वाचला.