काचेच्या पेटीतला कळप

वडील साखऱ्याहून आमच्याकडे कुरुंद्याला आले, तेव्हा आपल्या खाण्यापुरती ज्वारी पोत्यात घालून घेऊन आले. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. आई गेलेली, गुडघ्यांनी दगा दिलेला, शेळ्या-मेंढ्या विकून टाकलेल्या. एकदा ते विहिरीच्या वाटेवर पडले, तर दुपारभर कुणाला पत्ता नव्हता. म्हणून मी, त्यांची एकुलती एक लेक, भांडून त्यांना घेऊन आले. पण त्यांनी आपली कपड्यांची पिशवी कधी रिकामी केली नाही. ती खुंटीवरच असायची. "ज्वारी सरली की जातो मी," म्हणायचे आणि ओसरीत भिंतीकडे बघत बसायचे.

मी शाळेत मास्तरीण. चाळीस पोरं वठणीवर आणायची, पण बाप काही ऐकत नव्हता. मग मी त्यांच्या पोत्यात गुपचूप आमची ज्वारी मिसळली. दुसऱ्याच दिवशी भाकरीचा पहिला तुकडा मोडून ते म्हणाले, "ही ज्वारी माझी न्हाई. काहून मिसळलीस?" मी चिडले, तेही चिडले. दोन दिवस आमचा अबोला.

त्याच सुमारास नवऱ्याच्या ओळखीचे एक साहेब बदलून गेले आणि त्यांची दीड हात लांबीची माशांची काचेची पेटी आमच्या घरी आली. मला भारी हौस! नांदेडहून दोन गोल्डफिश आणले, हवेचे बुडबुडे सोडणारी छोटी मोटर आणली. पण ते दिवस लोडशेडिंगचे. दुपारी शाळेतून आले तर लाईन गेलेली, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते, आणि वडील तांब्यानं पाणी उचलून पुन्हा उंचावरून पेटीत सोडत होते. हात भरून आला होता, तरी थांबत नव्हते. घरी आल्यापासून मी त्यांना कशात एवढं गुंतलेलं पाहिलं नव्हतं. तरीही दुसऱ्या दिवशी दोन्ही मासे मेले. मला रडूच आलं.

"रडू नको माय," ते म्हणाले. "जे लाईनीवर दम घेतं, ते जित्राब आपल्या कामाचं न्हाई. आपल्या मुलखात टिकंल असं बघ."

तसे मासे हाकेच्या अंतरावरच होते. दवाखान्याच्या हौदात डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडलेले होते, मागेल त्याला देत. आम्ही दोघं बरणी घेऊन गेलो. मी रंगीत शेपट्यांचे तेवढे निवडून सात-आठ भरले. वडील बाजारात जनावर पारखावं तसे हौदाकडे बघत होते. एकदम हसले.

"सगळे बोकडच भरलेस की! नुसत्या बोकडांचा कळप कोणी करतं का?"

"तुमाला काय ठाऊक कोण बोकड ते?"

"हे रंगीत नुसते नाचून राहिले. त्या मळकट, मोठ्या पोटाच्या, त्या चरून राहिल्या. बराबर बघ."

मग त्यांनी दोनच रंगीत ठेवायला लावले आणि पाच मळकट मासोळ्या स्वतः निवडल्या. कोपऱ्यात एकटी उभी राहणारी एकही घेतली नाही.

आता मोटर नको, बुडबुडे नकोत. दिवसातून एकदा चिमूटभर भाकरीचा चुरा, तोही त्यांच्याच ज्वारीचा. एका मासोळीचं पोट न्याहाळून ते म्हणाले, "ही आठ दिसांत व्यायची." मासे अंडी घालतात, असं मी वर्गात शिकवत आले होते. मी मनसोक्त हसून घेतलं. आठव्या दिवशी पेटीत नुसते डोळेच दिसावेत अशी वीसेक पिल्लं. मोठ्या मासोळ्या त्यांना गिळायला धावताहेत म्हटल्यावर वडिलांनी चहाच्या गाळणीनं पिल्लं उचलून बरणीत ठेवली. कोकरंसुद्धा वेगळी कोंडावी लागतात, म्हणाले. मास्तरीणबाईंनी कान पकडले.

मग पोत्याचा तळ लागला. शेवटचं दळण आणलं त्या दिवशी मी खुंटीवरच्या पिशवीकडे दहादा बघितलं. ते पीठही संपलं, तेव्हा उगाच आशेला लागायला नको म्हणून मीच बोलले, "बाबा, ज्वारी सरली."

ते पेटीसमोर बसले होते. मान न वळवता म्हणाले, "ती मधली गाभण हाये. गाभण जित्राब टाकून कोणी जातं का? व्याली की जातो."

त्या दुपारी त्यांनी आमच्या ज्वारीची भाकरी खाल्ली. मी गॅसकडे तोंड करून डोळे पुसले. इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल.

गप्पी मासोळी बारा महिने गाभणच असते. जन्मभर कळप राखलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नसेल, असं मला वाटत नाही. ते आमच्याकडे नऊ वर्षं राहिले. दर महिन्याला मी विचारायची, "बाबा, आता कोण गाभण हाये?" आणि ते काचेवर बोट ठेवून दाखवायचे.