नारंगी पट्टा

तापलेल्या वस्तूला शेजारचे काका आधी बोट लावत आणि मग तेच बोट कानाच्या पाळीला. पाळी चोळता चोळता निदान ठरलेलं: "काही नाही मास्तर, उन्हाचं आहे." हे ते जानेवारीतही म्हणत. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

नागपूरच्या मनीषनगरात आमची भिंतीला भिंत. जरीपटक्यातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर काकांनी गल्लीतले सगळे मिक्सर आपलेच मानले होते. माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी बिस्किटांच्या डब्यात बारा व्होल्टचा डीसी सप्लाय बसवला. सुरू केला की त्यातला एक रेझिस्टर तापून धूर सोडायचा. काकांनी दुसरा टाकला. बोट, पाळी, धूर. तिसरा टाकला.

"कंपनीच चोर आहे गा. अन् नागपुरात माणूस भाजून निघते, हे त काडीएवढं आहे."

रेझिस्टर किती ओहमचा, ते त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. इथे दहा हजारांचा हवा होता, म्हणजे तिसरा पट्टा नारंगी. मी पाहिलं तर तो तपकिरी. म्हणजे फक्त शंभरचा; त्यातून जास्त वीज जाऊन तो जळणारच. पण काकांचा उभा जन्म हे पट्टे वाचण्यात गेला होता.

"काका, हा पट्टा कोणता?"

"नारंगी. काहून?"

"नारंगीच," मी म्हणालो. शिक्षक असून मी धडधडीत खोटं बोललो.

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मीटर लावला. शंभर.

"मीटरचा सेल गेला असंन."

नवा सेल टाकला. तरी शंभर. त्यांनी सोल्डरिंगचं बटण बंद केलं.

"मास्तर, मले नारंगी अन् तपकिरी सारखेच दिसून राहिले. संत्र्याच्या गावात राहून नारंगी दिसत नाही, सांगू कोणाले?"

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. त्या दिवसापासून काकांनी पेचकस हातात घेतला नाही. आलेले मिक्सर परत जाऊ लागले. मोतीबिंदू असेल, साधं ऑपरेशन आहे, असं मी रोज सांगे. "डोळ्याले चाकू लागला अन् आहे थेही गेलं त?" काम कायमचं सुटेल, या भीतीने ते पार खचले होते.

शेवटी काकूंनी तोंड उघडलं. "डोळा दाखवा, नाही त उद्यापासून गल्लीतले मिक्सर मी खोलते."

काका दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्याची पट्टी निघाली त्या दुपारी ते घरी न जाता, काळा चष्मा लावून, थेट माझ्याकडे आले. मी दहा हजारांचा रेझिस्टर त्यांच्या तळहातावर ठेवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"इतका नारंगी राहते का गा हा?"