दातारांचं पहिलं नको

दातारांना काहीही देऊ केलं की ते आधी नकोच म्हणत. दुसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धं", आणि तिसऱ्यांदा मग पोटभर. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या आमच्या ऑफिसात ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. आमचा सहकारी मार्कुस याने त्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी सवयीने "नाइन, डांके" म्हटलं आणि मार्कुसने शांतपणे भांडं उचलून आत नेलं. घरी येऊन दातारांनी भाताचा कुकर लावला. "माणसं चांगली आहेत, पण आग्रह कसा तो करता येत नाही रे यांना," ते मला म्हणाले. मी पोट धरून हसलो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणायला मी केव्हाच शिकलो होतो आणि त्याचा मला तोराही होता.

पूल हा त्यांचा जीव की प्राण. भारतात असताना ते रेल्वेत पुलांच्या तपासणीवर होते. मार्कुसने नामिबियाच्या वाळवंटातला, जर्मन अमदानीतला लोखंडी रेल्वे पूल पाहायला चालत जायची टूम काढली, तेव्हा आयुष्यात एकदाच ते पहिल्या विचारण्याला हो म्हणाले. वाटेत एक मुक्काम, पुलापाशी गाडी येणार आणि ज्याचं पाणी त्याने वाहायचं, असं ठरलं.

मुक्कामाला दातारांनी चहा केला. एवढ्याशाने काय होतंय, असं मोडक्या जर्मनमध्ये सांगत मार्कुसला तीन कप पाजले, मलाही तेवढेच. पाणी कुणाच्या बाटलीतलं, हे आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि ते मागे पडू लागले. मी थांबलो.

"अहो दातार, पाणी देऊ का?"

"नको, नको. आहे माझ्याकडे. तू हो पुढे."

त्यांचे ओठ फुटले होते. मला ते दिसत होतं. तरी मी बाटली सॅकमध्ये टाकली आणि चालू लागलो.

पूल दिसला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर ते नव्हते. मार्कुस गाडीकडे धावला, मी उलटा. ते एका खडकाला टेकून बसले होते. अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध, दोन्ही बाटल्या कोरड्या. मी तोंडाला पाणी लावलं, ते हनुवटीवरून ओघळून गेलं. गाडीवाले स्ट्रेचर घेऊन आले, तोवर सगळं संपलं होतं.

त्यांना विचारलं होतं, त्यांनीच नाही म्हटलं, असं मार्कुस तिथल्या पोलिसांना सांगत राहिला. त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं, कारण त्यांचं नको मला कळत होतं.

रेगेन्सबर्गला परतल्यावर दातारवहिनींना भेटायला गेलो. त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "वहिनी, मी त्यांना पाणी विचारलं होतं."

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"एकदा," मी म्हणालो.