गुणाजी लिफ्टमन आणि दोन मिनिटांचा थांबा

त्या स्टेशनाचं नाव सांगत नाही. उपनगरात राहणाऱ्या ज्याला त्याला ते आपलंच वाटेल, आणि रेल्वेवाले म्हणतील की छे, हे आमचं नव्हेच. तेव्हा राहू द्या. कोकणात जाणारी सकाळची गाडी तिथे दोन मिनिटं थांबते, एवढं कळलं तरी पुरे.

दिंडोशीच्या वसाहतीत राहणारे गुणाजी नारकर त्या दिवशी साडेपाचलाच तिथे येऊन बसले होते. गाडी सात पंचवीसची. पण गुणाजींचा स्वभावच तसा. ऐन तारुण्यात गिरणी सुटली, मग फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत त्यांनी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली. जाळीच्या दाराची लिफ्ट, आत लाकडी स्टूल. त्या एकतीस वर्षांत कधी त्यांना उशीर झाला नाही, आणि घंटा वाजवणाऱ्या माणसाला कधी ताटकळत ठेवलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या वकिलाने घंटा दाबली की हातातला चहा खाली ठेवून निघायचं. ‘घंटा वाजली की लिफ्ट गेली पाहिजे,’ हे त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान. घरात कुणी हाक मारली तरी ते पहिल्या हाकेला उठत, त्यामुळे सुना-नातवंडं त्यांना खुशाल कामाला लावत.

सोबत प्रेमाबाई होत्या, त्यांची बायको. उजवा गुडघा कामातून गेलेला. आणि प्रेमाबाईंच्या मांडीवर एक पिशवी होती, तिच्यात हिरवं लुगडं, खण, हळद-कुंकवाच्या पुड्या आणि राजापुराकडच्या घराची किल्ली.

सगळं त्या किल्लीचं होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, अंगणात उतरते, घरची बाई ओटी भरते. नारकरांच्या घरी हे सगळं गुणाजींची वहिनी सोनूबाई करायची. ती दोन वर्षांमागे, शिमगा उरकल्यावर गेली. गेल्या शिमग्याला सुतकाचं वर्ष म्हणून दार बंदच होतं. मधल्या काळात गावकीची बैठक झाली. पालखी उचलायला तरणी माणसं उरली नाहीत, वाडीतली निम्मी घरं कुलपात, तेव्हा असं ठरलं की ज्या घराचं दार लागोपाठ दोन शिमगे बंद, त्या अंगणात पालखी पुन्हा जायची नाही. निर्णय चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. खांद्याला खांदे तर हवेत! पण गुणाजींना तो कळल्यापासून झोप नव्हती. बाप, भाऊ, वहिनी, सगळ्यांनी सांभाळलेलं अंगण आपल्या कारकिर्दीत सुटायचं, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती.

त्यांच्या वाडीत पालखी त्या दिवशी चार वाजता येणार होती. आधीच्या दिवसांची सगळी तिकिटं वेटिंगवर गेली. मुलाने, राजेशने, मोबाइलवर बोटं झिजवून ही दोन तिकिटं मिळवली. गाडी वेळेवर पोचली तर दोनला स्टेशन, अडीचला घर, झाडलोट करून चारला दारात उभं. हिशेब अगदी बेताचा होता, पण बसत होता. राजेशची सकाळची ड्युटी, म्हणून तो रिक्षाने दोघांना सोडून तसाच गेला.

आता त्या फलाटावर दोन तास काढायचे म्हणजे काय, ते ज्याने काढले त्यालाच माहीत. पूर्वीची लाकडी बाकं केव्हाच गेली. त्या जागी स्टीलच्या दोन दोन नळ्या बसवल्यात, त्यांच्यावर ना नीट बसता येतं ना नीट टेकता येतं. ज्याने कुणी त्या शोधून काढल्या, त्याला प्रवाशाने बसावं असं मनापासून वाटतच नसणार. प्रेमाबाई अर्ध्या नळीवर, अर्ध्या बॅगेवर, अशा बसल्या. बायकांच्या मुतारीला कुलूप. त्यावर पाटी, की चावी स्टेशन मास्तरांकडे मिळेल. मास्तर एक नंबरवर, मुतारी चारवर, मध्ये चोपन्न पायऱ्यांचा पूल. प्रेमाबाईंना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी उठल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

“चहा घे गो अर्धा कप,” गुणाजी म्हणाले.

“गाडीत बसल्यावर बघू. हितं अडचण झाली तर काय करू?” प्रेमाबाई म्हणाल्या.

डबा कुठे लागणार हे दाखवणारी पाटी बंद होती. पण गुणाजींना पाटीची गरज नव्हती. चहाच्या स्टॉलपासून तिसरा खांब, तिथे आपला डबा. कितीतरी वर्षं तिथेच लागत आलेला. बॅग त्या खांबाला टेकवून ते निर्धास्त झाले.

सात वाजून चौदा मिनिटांनी कर्णा खरखरला. त्या स्टेशनवरचे कर्णे कशासाठी बसवलेत देव जाणे. वरच्या पत्र्यावर आवाज आदळतो आणि सगळ्याचा काला होतो. गुणाजींना ‘यात्री कृपया ध्यान दें’ एवढं कळलं, मग नुसती घरघर. शेजारी उभ्या असलेल्या नोकरदार मुलीने कानातली बोंडं काढली.

“काका, तुमची कोकणची गाडी का? ती आज सहा नंबरवर येतेय. पळा!”

“सहावर? दरवर्षी चारवरच येते.”

“अहो, आत्ताच सांगितलं ना! मी यार रोज बघते, ऐन वेळेला बदलतात.”

गुणाजींनी बॅग उचलली. जिना फलाटाच्या पार टोकाला. लिफ्ट मात्र वीस पावलांवर, आणि लिफ्टच्या बटणाभोवती लाल दिवा लागलेला. पाहूनच त्यांच्या जिवात जीव आला. प्रेमाबाई जिन्याच्या दिशेला वळल्या होत्या, त्यांना त्यांनी हाताने थोपवलं.

“दिवा लागलाय. म्हणजे चालू आहे. थांब, येईल.”

इथेच ते चुकले. दुसरा कुणी असता तर म्हातारीला धरून सरळ जिन्याकडे गेला असता, हळूहळू का होईना सात-आठ मिनिटांत पलीकडे उतरला असता. या स्टेशनावर ज्यांची हयात गेली ते लिफ्टकडे बघतसुद्धा नाहीत. पण गुणाजींच्या लेखी दिवा लागलेली लिफ्ट येत नाही असं होऊच शकत नव्हतं. ते बटण दाबत राहिले आणि कान देऊन ऐकत राहिले. वरून आवाज येत होता. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. दार मिटायला जातंय आणि कशाला तरी लागून परत उघडतंय, हे त्यांना कळायला हवं होतं, आणि कळलंही, पण तोवर चार मिनिटं गेली होती.

“मेल्यांनी काहीतरी अडकवून ठेवलंय,” ते म्हणाले. “चल, जिन्याने चल.”

नवव्या पायरीवर प्रेमाबाई बसल्या. वरून एका लोकलची माणसं खाली येत होती, ती त्यांना वळसा घालून जात होती. एकाने “काकी, साइडला बसा ना!” म्हणून सुनावलंही.

“माझ्याच्यान नाय व्हायचं,” प्रेमाबाई म्हणाल्या. “तुम्ही जावा. ही पिशवी घ्या. दार तरी उघडा.”

“आणि ओटी मी भरू?”

“मग काय करू ओ?”

त्यांना बायकोला तिथे टाकून जाववेना. थांबूनही काही उपयोग नव्हता. मग ते एकटेच वर गेले, लिफ्ट आणायला. एकाहत्तराव्या वर्षी चोपन्न पायऱ्या चढून पुलावर पोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. लिफ्ट तिथेच उभी होती. आत दिवा, पंखा, सगळं झकास चालू. आणि दारात एक निळी प्लास्टिकची बादली, तिच्यात फडका. सफाईवाल्याने ठेवली असेल, किंवा लिफ्टवाल्यानेच, आपण नसताना कुणी वापरू नये म्हणून. दार बादलीला लागत होतं आणि उघडत होतं. गुणाजींनी आयुष्यात कुणाला आई-बहिणीवरून शिवी दिली नव्हती, ती त्या बादलीला दिली आणि लाथेने तिला बाजूला सारलं.

त्यांनी लिफ्ट खाली नेली, नऊ पायऱ्या चढून प्रेमाबाईंना धरून उतरवलं, आत घेतलं, वर आणलं. सगळं भराभर केलं. वरती दार उघडलं तेव्हा सहा नंबरवर गाडी उभी होती. पुलावरून डब्यांची छपरं दिसत होती. सहा नंबरचा सरकता जिना फक्त वर येणारा, म्हणून त्याच्या शेजारच्या साध्या जिन्याकडे दोघं निघाले. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतील, तेवढ्यात छपरं सरकायला लागली.

“ओ थांबा!” गुणाजी ओरडले. कुणाला ओरडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गाडी निघून गेली आणि समोर रिकामे रूळ राहिले. प्रेमाबाई कठड्याला धरून उभ्याच होत्या.

स्टेशन मास्तरच्या खोलीतला माणूस उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

“काका, घोषणा केली होती आम्ही. तीनदा.”

“ऐकू आली नाही.”

“ते कर्ण्याचं कळवलंय वर. आणि लिफ्टचं खातं वेगळं, तो कंत्राटी माणूस आठला येतो. लेखी तक्रार देता का? वही आहे.”

गुणाजींनी वहीकडे बघितलं. काय लिहायचं? पालखी चुकली असं लिहायचं? रेल्वेच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी मान हलवली आणि प्रेमाबाईंसाठी तेवढी मुतारीची चावी मागून घेतली.

मग फोनाफोनी झाली. राजेशने ड्युटीवरूनच एसटी बघितली, खाजगी बसगाड्या बघितल्या. शिमग्याच्या दिवसांत कुठली जागा? टॅक्सी करावी तर दहा-अकरा तासांचा रस्ता, संध्याकाळी सातच्या आत पोचणं शक्य नाही. “बाबा, आपली वाट लागली,” तो म्हणाला. गुणाजींनी गावात चुलतभावाला, सहदेवला, फोन लावला.

“सहदेवा, कुलूप तोड.”

“दादा, कुलूप काय, आता तोडतंय. पण दारात उभा कोण ऱ्हवणार? ओटी कोण भरणार?”

“तुझी बायको भरील.”

“मी इचारलंय मानकऱ्यांका. ते म्हणतत, घरचाच माणूस व्हया. आज एकाक सूट दिली तर उद्या सगळे फोनच करतले.”

“पालखी उद्यापर्यंत...”

“दादा, असा कसा व्हईत? तिका अजून पाच वाड्या आसत.”

घरी परत आल्यावर प्रेमाबाईंनी पिशवी उघडली नाही, तशीच कपाटावर ठेवली. जेवण कुणाला गेलं नाही. गुणाजी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी त्यांना कुणी हाक मारली नाही, काही काम सांगितलं नाही. दिवसभर त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं, की ती चार मिनिटं आपण तिथे का उभे राहिलो. लिफ्टवर एवढा भरवसा ठेवायचं काय कारण होतं? रेल्वेवर चिडून झालं, लिफ्टवाल्यावर चिडून झालं, शेवटी राग येऊन थांबला तो स्वतःवरच. आपल्यासारख्या माणसाला दुसऱ्या कुणावर राग टिकवून धरणंही जमत नाही, असं त्यांना वाटलं आणि रडू आलं.

चार वाजून दहा मिनिटांनी सहदेवचा फोन आला.

“दादा, पालखी तुझ्या अंगणाच्या तोंडाशी आली. मी फोन धरून ऱ्हवतंय, आयक.”

फोनमधून ढोल ऐकू आले. प्रेमाबाई स्वयंपाकघरातून पदर डोक्यावर घेत आल्या आणि खुर्चीमागे हात जोडून उभ्या राहिल्या. ढोल थांबले. पालखी खाली ठेवली की लाकडाचा आवाज येतो, तो आला नाही. ती खांद्यावरच होती. मग गाऱ्हाणं सुरू झालं. प्रत्येक घरापुढे गावचा म्हातारा देवाला त्या घराची हकीकत सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला एका सुरात होकार देतात. गुणाजी लहानपणापासून त्या माणसांत उभे राहत आले होते.

“बा देवा म्हाराजा! ह्या नारकरांच्या घराक आज कुलूप आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“घरातली माणसा मुंबैक ऱ्हवली, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आता ह्या दारात तुझी वाट बघणारा कोण ऱ्हवला नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले, आणि त्यांच्यासोबत, हात जोडून, जन्माची सवय म्हणून, गुणाजीही म्हणाले.