वेल्डिंगनंतरचा अर्धा तास

सुईचं टोक माझ्या उजव्या मनगटावर टेकवून डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखतंय?"

"न्हाय."

सुई जरा वर सरकली, कोपराकडे. "इथं?"

"न्हाय."

मला बरंच वाटलं. डाव्या हातावर आणि छातीवर फोड आले होते, तिथं नुसता वारा लागला तरी जीव जात होता. उजव्या हाताला मात्र काहीच नाही. म्हणजे हा हात वाचला, असं मी समजलो.

"न दुखणं चांगलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा फुल थिकनेस बर्न आहे." म्हणजे कातडीचे सगळे थर जळालेत, आणि दुखणं कळवणाऱ्या नसाही त्याबरोबर गेल्यात. "हे आपोआप भरून येणार नाही. ऑपरेशन लागेल."

माझी बायको वंदना शेजारी उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. मी वरच्या पंख्याकडे बघत राहिलो. त्याचं एक पातं वाकडं होतं. हे ऐकून मला काही वाटलं का, असं नंतर बरेच जण विचारायचे. खरं सांगायचं तर काही वाटलं नाही.

मी सुभाष. कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका बोळात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं हेच काम करतोय. जे वेल्डिंग-कटिंग करतात त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे सांगतोय. माझी फुशारकी नाही यात, उलटंच आहे.

कबनूरला एका यंत्रमागाच्या शेडमध्ये छताचा लोखंडी अँगल तुटला होता. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. माणूस वाईट नाही. मी गेलो तेव्हा सगळे माग चालू होते, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मागांवर, तुळयांवर, वायरींवर कापसाची पांढरी धूळ बसली होती. मी ज्या अँगलखाली शिडी लावली, त्याच्या बाजूलाच वाया गेलेल्या सुताची पोती रचलेली.

मी म्हणालो, "अण्णा, माग बंद करा, आणि ही पोती जरा हलवूया."

अण्णा कानाशी येऊन ओरडले, "मिस्त्री, धा मिंटाचं काम हाय! माग बंद केलं तर सगळी पाळी जातीया की!"

मी पुन्हा म्हणालो नाही. बावीस वर्षांत कितीतरी वेळा असंच काम केलं होतं आणि काही झालं नव्हतं. दोन पोती पायानं सरकवली, बाकीची तशीच ठेवली. पाण्याची बादली मागितली नाही. अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. दुकानात जाडजूड सुती कोट खिळ्याला लटकत होता, पण उकडत होतं म्हणून घातला नाही.

काम खरंच दहा मिनिटांत झालं. खाली नजर टाकली, कुठं काही पेटलेलं दिसलं नाही. अण्णांबरोबर चहाला बाहेर गेलो.

वेल्डिंगची ठिणगी विझली असं आपल्याला वाटतं. पण ती सुताच्या पोत्यात शिरली की ज्वाळा दाखवत नाही, आतल्या आत धुमसत राहते. पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. हे मला माहीत होतं. कुणी शिकवलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

केबल गुंडाळायला परत आलो तर पोत्यांमागून बारीक धूर निघत होता. मी दोन्ही हातांनी ते पोतं मिठीत धरलं आणि ओढलं. बाहेर नेऊन टाकायचं एवढंच डोक्यात होतं. पोतं उसवलं, आत हवा शिरली, आणि एकदम भडका उडाला. शर्टाची उजवी बाही वितळून हाताला चिकटली.

त्यानंतरचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. कुणीतरी मेन स्विच पाडला आणि सगळे माग एकदम गप्प झाले. शेडमधले सगळे, आठ जण, बाहेर पळाले, कुणाला काही झालं नाही. आग पोत्यांवरच विझवली.

मला बाहेर ओढलं ते महादेवी अक्कांनी. त्या तिथं कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायचं काम करतात. मूळच्या गडहिंग्लजकडच्या, साठीच्या आसपासच्या. त्यांनी मला टाकीच्या नळाखाली बसवलं आणि पाणी सोडलं. माझ्या मनगटातलं घड्याळ ओढून काढलं. एक जण टूथपेस्ट घेऊन आला, दुसरा म्हणाला हळद लावा.

"हळद नगं, पेस्ट नगं, काय नगं!" अक्का त्यांच्यावर ओरडल्या. "नुसतं पाणी! मिस्त्री, हात काढायचा न्हाय. बसा तसंच."

चिकटलेली बाही कुणीतरी ओढायला गेला, त्याच्या हातावर त्यांनी चापट मारली. वीस मिनिटं त्यांनी मला तिथून हलू दिलं नाही. मग स्वच्छ ओल्या चादरीत गुंडाळून गाडीत घातलं. नंतर डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुणी घातलं? डावा हात त्यामुळे वाचलाय."

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. भाजलेला पेशंट आला की येतातच. त्याआधी अण्णा येऊन गेले होते. पलंगाशी उभं राहून हात जोडले. "मिस्त्री, माझं नाव येऊ देऊ नकासा." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. दयाही आली नाही. त्यांच्या चपलेवर कापूस चिकटला होता, तेवढाच दिसला.

जबाबात मी झालं तेच सांगितलं. माग बंद करायला अण्णा नाही म्हणाले. पोती हलवायची मी सोडून दिली. माग चालू असताना शिडीवर चढलो तो मीच. हवालदारांनी विचारलं, "स्वतःचीबी चूक लिहू?" म्हटलं, लिहा. वंदनानं माझ्याकडे बघितलं.

चौथ्या दिवशी डेब्राइडमेंट झालं. म्हणजे मेलेली कातडी काढून टाकतात. आठव्या दिवशी स्किन ग्राफ्ट. म्हणजे मांडीवरची पातळ कातडी सोलून जळालेल्या जागी लावतात. मला वाटलं होतं हात दुखेल. दुखली मांडी. हे आधी कुणीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतोय.

ड्रेसिंगच्या दिवशी आम्ही सगळे रांगेत बसायचो. आतून ओरडणं ऐकू यायचं आणि आपला नंबर किती लांब आहे एवढंच प्रत्येक जण मोजायचा. वंदना रोज डब्यात उकडलेली अंडी आणायची, कारण डॉक्टर म्हणाल्या होत्या, "कातडी अन्नातूनच तयार होते." मला चव लागत नव्हती. ती एकेक घास भरवायची आणि मी चावायचो.

पाचेक आठवड्यांनी घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावलं की आता काँट्रॅक्चर होऊ द्यायचं नाही. म्हणजे नवी कातडी आखडते आणि बोटं वाकडी करून टाकते. रोज बोटांचा व्यायाम, रात्री बोटं सरळ ठेवणारी पट्टी. पहिला महिना मी केलाच नाही. खुर्चीत बसून बोळातली माणसं बघायचो. एकदा वंदना म्हणाली, "तुमी मेला न्हाईसा. मग असं का बसताय?" ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. तिनं माझं बोट धरलं आणि मागं वाकवलं. मी ओरडलो. तिनं पुन्हा वाकवलं. त्या दिवसापासून रोज.

अक्कांना भेटायला कबनूरला गेलो तेव्हा साडी नेली होती. त्यांनी साडी बाजूला ठेवली, माझा हात उलटापालटा करून पाहिला. "मूठ व्हती का?" "अर्धी व्हतीया." "हळूहळू व्हईल." आणि परत कांड्या भरायला बसल्या. पाणीच का, हे कसं माहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या तंगीला पेस्ट लावली व्हती." तंगी म्हणजे धाकटी बहीण.

गेल्या महिन्यात पहिलं काम घेतलं. सोफे बनवणाऱ्याच्या कारखान्यात फाटकाची बिजागरी. फाटकाशेजारी फोमचे तुकडे आणि थिनरचा डबा होता. म्हटलं, हे सगळं पार तिकडं हलवा, मगच काम. मालक वैतागला. "पावणं, तुमी लईच भिताय."

"व्हय, भितो," मी म्हणालो.

सगळं हललं. जमिनीवर पाणी मारलं, पाण्याच्या दोन बादल्या आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवला. सुती कोट घातला. बिजागरी वीस मिनिटांत बसली. मग मी स्टूल घेऊन तिथंच बसलो. मालक दोनदा येऊन बघून गेला.

वंदनाचा फोन आला. "झालं काम?"

"झालं."

"मग निघाला न्हवं?"

"न्हाय. बसलोय अजून. अर्धा तास बसणार."



"बसा," ती म्हणाली. "भाकरी उशिरा टाकते."