बाबांचं लायसन्स चाललं, माझं नाही

मंडळी, आज आम्ही जर्मनीतल्या कोलोनहून हायडेलबर्गला आलो, ट्रेनने. खरं तर भाड्याच्या गाडीने यायचं ठरलं होतं.

आईबाबा पुण्याहून आलेत. बसमध्ये इतका वेळ बसून आईचे गुडघे आखडतात. ट्रेन मध्येच बदलायची म्हणजे बॅगा घेऊन जिने. म्हणून मी गाडी बुक केली. मी इथे गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो, मला कोण अडवणार!

सकाळी काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "इथे कधीपासून राहता?"

मी ऐटीत सांगितलं, "वर्ष झालं."

"मग तुमचं भारतीय लायसन्स चालणार नाही. इथे राहायला आल्यापासून फक्त सहा महिने चालतं."

एवढा मोठा इंजिनियर, पण हा नियम कधी वाचलाच नव्हता!

तेवढ्यात बाबांनी खिशातून लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट काढलं. निघण्याआधी ते आरटीओत खेटे घालत होते, तेव्हा मी फोनवर हसलो होतो.

"आणि माझं?" बाबांनी बाईंना विचारलं.

"तुम्ही पाहुणे ना? तुमचं चालेल."

बाबांनी कागद नीट घडी करून परत ठेवले. "या वयात रस्त्याच्या उजवीकडून चालवायला नको. चल, ट्रेनने जाऊ."

बॅगा मी उचलल्या. आई खिडकीशी निवांत बसली. बाहेर ऱ्हाईन नदी वाहत होती. बऱ्याच वेळाने बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे मी पाहुणा, आणि तू इथला."

मी उठून वरच्या बॅगा उगाच नीट लावल्या. तुम्ही काय म्हणाला असतात?